काळ्या मातीतले शेवळ

दिवाळीच्या सुमारास आमच्या वसमत तालुक्यातली हळद ऐन भरात असते. कमरेच्या वर गेलेली रुंद पाने आणि खाली गड्डे पोसण्याची गडबड. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या अंगणातल्या दोन कुंड्यांमधले एकेक पान पिवळे पडते, देठातून मऊ होते आणि आडवे होते. फराळाला आलेले पाहुणे हटकून म्हणतात, "सर, हे झाड वाळलं की! पाणी घालत नाही का?"

मी नाही म्हणतो. हे पाणी न घालणे शिकायला मला दोन वर्षे लागली आणि त्या शिकण्यात तीन कंद गेले. आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाने हे कबूल करणे सोपे नाही. पण दुर्मीळ झाडे घरी वाढवण्याची हौस आता गावोगाव पोहोचली आहे. माझ्या चुका कुणाच्या तरी कंदाला वाचवतील, म्हणून ही हकीकत लिहितो आहे.

झाडाचे नाव शेवळ. शास्त्रीय नाव ॲमॉर्फोफॅलस कम्युटेटस. भारताच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य भागाखेरीज जगात ते निसर्गतः कुठेही उगवत नाही. ठाणे, पालघर, रायगडच्या वाचकांना त्याची ओळख करून द्यायला नको. मृगाच्या आगेमागे ठाकूर, कातकरी, वारली बायका त्याच्या जुड्या बाजारात घेऊन बसतात. जांभळट तपकिरी, भाल्याच्या पात्यासारख्या, न उमललेल्या कळ्या असतात त्या. सोबत काकडाची आंबट फळे मिळतात, कारण ती घातल्याशिवाय शेवळाची भाजी घशाला खाजते. मराठवाड्यात मात्र हे नाव काढले तर लोकांना पाण्यावरचे शेवाळ आठवते.

माझी पत्नी कर्जत तालुक्यातली. 1979 साली लग्न होऊन ती वसमतला आली. इथली ज्वारीची भाकरी, येसर, अंबाडीची भाजी तिने आपलीशी केली. पण मृग लागला की एक वाक्य दरवर्षी ठरलेले असायचे: "आमच्याकडे आता शेवळं आली असतील." मी 2012 साली निवृत्त झालो आणि हे वाक्य पहिल्यांदा नीट कानांवर घेतले.

सुरणाचे गणगोत

शेवळ ज्या कुलातले आहे त्याला शास्त्रात ॲरेसी आणि मराठीत सुरण कुल म्हणतात. हौशी लोक या कुलातल्या झाडांना सरसकट 'ॲरॉइड' म्हणतात. हल्ली शहरांतल्या दिवाणखान्यांत दिसणारी मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम ही सगळी याच घरातली. घराघरातल्या बाटलीत वाढणारा मनी प्लांटही. पण आपल्याला हे कुल परदेशी वाटायचे कारण नाही. अळू याच कुलातले आहे आणि सुरण तर कुलाला नाव देणारे. ऋषिपंचमीच्या भाजीत, जिथे बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही, तिथे ही दोन्ही भावंडे एका पातेल्यात भेटतात.

कुलाचा पसारा मोठा विलक्षण आहे. सुमात्रा बेटावरचे ॲमॉर्फोफॅलस टायटॅनम शेवळाचे सख्खे भावंड. इटालियन निसर्गशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांना ते 1878 साली सापडले आणि 1889 साली लंडनजवळच्या क्यू उद्यानात ते फुलले. त्याचा पुष्पगुच्छ माणसापेक्षा कितीतरी उंच, तीन मीटरपर्यंत जातो. आणि डबक्यावर हिरवी साय धरल्यासारखी दिसणारी, टाचणीच्या डोक्याएवढी वुल्फिया हीसुद्धा आता याच कुलात धरली जाते.

आपल्या सह्याद्रीतही या कुलाची नवी माणसे अजून सापडतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली सापकांद्याची एक नवी जात, ॲरिसीमा सह्याद्रिकम, जगासमोर आणली. पुढच्याच वर्षी हेटरशाइड या डच अभ्यासकाबरोबर यादव आणि के. एस. पाटील यांनी ॲमॉर्फोफॅलस कोकणेन्सिस या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या झाडांना नाव मिळून पुरती चाळीस वर्षेही झाली नाहीत, ती आपल्या शेजारच्या डोंगरात उभी आहेत.

घरात वाढवायच्या दृष्टीने या कुलाचे दोन ढोबळ गट पाडता येतात. मॉन्स्टेरा, मनी प्लांट यांसारखी झाडे बारमाही दमट जंगलातली, वेलीसारखी चढणारी. त्यांना वर्षभर थोडे पाणी आणि उजेड मिळाला की पुरते. दुसरा गट कंदवाल्यांचा: सुरण, शेवळ, सापकांदा. ही मोसमी पावसाच्या प्रदेशातली झाडे. वर्षातले पाच-सहा महिने जमिनीवर आणि उरलेले जमिनीखाली. पहिल्या गटाचे नियम दुसऱ्या गटाला लावले की कंद मरतो. मी तेच केले.

पहिले तीन कंद

मे 2014 मध्ये कर्जतला मेव्हण्याच्या आंबराईत, घरामागच्या उतारावर, आम्ही तीन कंद काढले. दोन लिंबाएवढे, एक त्याहून मोठा. वसमतला आणून घरामागच्या मोकळ्या जागेत खड्डे घेतले, तळाशी भरपूर शेणखत घातले, वर कंद ठेवले, आमची काळीभोर माती लोटली आणि रोज संध्याकाळी पाणी घालू लागलो. मनात हिशोब सरळ होता. कोकणात आमच्या सुमारे तिप्पट पाऊस पडतो. म्हणजे शेवळाला पाणी फार लागत असणार. आपल्याकडचा तुटवडा आपण भरून काढू.

जूनच्या शेवटी काहीच वर आले नाही, म्हणून उकरून पाहिले. हाताला लागला तो घाण वासाचा, पिठूळ चिखल. तीनही कंद गेले होते. पत्नी काही बोलली नाही. त्या वर्षी ते वाक्यही आले नाही.

चूक कुठे झाली हे मला पुस्तकातून कळायला हवे होते. कोकणात पाऊस तिप्पट पडतो हे खरे, पण तो थांबत नाही. उताराची जमीन, जांभा दगडाची सच्छिद्र माती, वर पालापाचोळ्याचा थर. पाणी येते आणि वाहून जाते. आमच्या काळ्या मातीचे वागणे उलटे. तिच्यातली चिकण खनिजे पाणी पिऊन फुगतात आणि मातीतली हवेची जागा बंद करतात. हीच माती उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कोकणात मुसळधार पावसात जगलेला कंद आमच्याकडे रोजच्या एका बादलीत गुदमरला.

दुसरा फरक आम्लतेचा. जांभ्याची माती आम्लधर्मी असते. आमची चुनखडीयुक्त आणि बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने त्यात भरच पडते.

हळदीच्या शेतातला धडा

उत्तर मिळाले ते घरापासून दोन किलोमीटरवर, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या हळदीच्या शेतात. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि इथे हळद संशोधन केंद्रही उभे राहते आहे. पण कंद कसा सांभाळावा हे ज्ञान इथल्या शेतकऱ्याकडे त्याआधीपासून आहे. माझी रड ऐकून तो हसला. म्हणाला, "सर, हळदीचं बेणं आम्ही काढल्यावर लगेच लावतो का? त्याला झोपू देतो. झाडाच्या सावलीत ढीग घालतो, वरून वाळला पाला टाकतो. पाण्याचा थेंब लागू देत नाही. डोळा फुगला की मग लावतो. तुम्ही झोपलेल्याला रोज आंघोळ घातली."

मग त्याने वाफे दाखवले. आमच्याकडे बऱ्याच शेतकऱ्यांनी सरी-वरंबा सोडून गादीवाफे केले आहेत, ते कशासाठी? पाणी खाली निघून जावे आणि गड्ड्याला हवा मिळावी म्हणून. हळदीच्या शेतकऱ्याला सर्वांत जास्त धास्ती कंदकुजीची. ती बुरशी साचलेल्या पाण्यात पसरते. 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्याने ते पुन्हा अनुभवले. ज्यांच्या वाफ्यात पाणी उभे राहिले, त्यांना हे वाक्य वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

हळद आणि शेवळ यांचे नाते लांबचे. हळद आल्याच्या कुलातली, तिचा गड्डा म्हणजे जमिनीखालचे आडवे खोड. शेवळाचा कंद म्हणजे आखूड, फुगलेले, गोलसर खोड. पण दोघांनी कोरड्या महिन्यांवर शोधलेला उपाय एकच: अन्न साठवा, पान सोडून द्या आणि झोपा. ही झोप आळसाची नव्हे, जगण्याची युक्ती आहे. झोपलेल्या कंदाला मुळे नसतात. मुळे नसताना घातलेले पाणी पिणार कोण? ते नुसते बुरशीच्या उपयोगी पडते.

वर्षभराचे वेळापत्रक

2016 च्या मेमध्ये आणखी चार छोटे कंद आले, सुपारीहून थोडे मोठे. एक घुशीने नेला, एक माझ्या हातून जखम होऊन कुजला. उरलेले दोन आजवर आहेत. त्यांच्याकडून शिकलेले वेळापत्रक असे.

वैशाखात कंद हातात घेऊन पाहावा. वरच्या खळग्यातला डोळा फुगून गुलाबी टोक दिसू लागले की लावणीची वेळ झाली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेपासून हळदीच्या लागवडीचे वेध लागतात. शेवळालाही तोच काळ मानवतो. कुंडी खोल हवी, तळाला मोठी भोके हवीत. मिश्रणात मी एक भाग मुरूम किंवा लाल माती, एक भाग वीटचुरा आणि दोन भाग कुजलेला पालापाचोळा घेतो. काळी माती मुळीच नाही. मूठभर मिश्रण ओले करून दाबावे. मूठ उघडल्यावर गोळा लगेच फुटला पाहिजे.

आता एक गोष्ट, जी मला सर्वांत उशिरा कळली. या झाडाची मुळे कंदाच्या खालून निघत नाहीत. ती वरून, डोळ्याभोवतून निघतात आणि वरच्या थरात आडवी पसरतात. मी 2014 साली खड्ड्याच्या तळाशी शेणखत भरले होते. ते मुळांना कधी दिसलेच नसते, कंदाला खालून कुजवायला मात्र पुरेसे होते. म्हणून कंद त्याच्या उंचीच्या निदान दीडपट खोल लावावा, खत वरच्या थरात द्यावे आणि कंदाच्या लगेच खाली-भोवती नुसता वीटचुरा ठेवावा. लावल्यावर पाणी घालू नये. अंकुर मातीबाहेर दिसला की पहिले पाणी.

पावसाळ्यात एकच पान येते. देठ उभा, ठिपक्याठिपक्यांचा, आणि वर छत्रीसारखे दुभंगत गेलेले पाते. नवखा माणूस त्याला रोपटेच समजतो, पण ते सगळे मिळून एक पान असते. देठावरचे ठिपके कशासाठी, याबद्दल अभ्यासकांचा एक तर्क मला आवडतो: दगडफूल चढलेल्या टणक खोडाचे सोंग घेऊन हा मऊ देठ जनावरांच्या तोंडातून आणि धक्क्यातून वाचत असावा. आमच्या गल्लीतल्या शेळीला मात्र हा तर्क ठाऊक नव्हता. 2018 मध्ये तिने एक पान खाल्ले. खाज सुटली असावी, कारण अर्धे टाकून गेली. पण नुकसान झालेच. वर्षाचे एक पान गेले की सहसा दुसरे येत नाही. तो कंद पुढच्या वर्षी आधीपेक्षा लहान निघाला.

असे का होते? जुना कंद आपले सगळे अन्न पानाला देऊन रिकामा होतो आणि पान आपल्या हयातीत त्याच जागी नवा कंद भरते. दरवर्षी जुना जातो, नवा येतो. म्हणजे एका पानाला चार महिन्यांत पुढच्या वर्षाची सगळी शिल्लक जमवायची असते. या चार महिन्यांत हात सैल ठेवावा. पाणी असे द्यावे की मिश्रण ओलसर राहील पण कुंडीखाली बशी नको. पंधरा-वीस दिवसांनी पातळ शेणपाणी द्यावे. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारी सावली हवी. मी कुंड्या कडुनिंबाखाली ठेवतो, वर हिरवे शेडनेट बांधतो. शिरा हिरव्या ठेवून पान पिवळे पडले तर लोहाची कमतरता समजावी. माझ्याकडे बोअरचे पाणी बंद करून गच्चीवरचे पावसाचे पाणी दिल्यावर ती बरीच कमी झाली. पतंगाच्या अळ्या रात्रीत पान फस्त करतात, तेव्हा पानाखाली रोज नजर हवी.

दिवाळी जवळ आली की पान पिवळे पडू लागते. त्याच दिवशी पाणी थांबवायचे. मन फार ओढ घेते, एक तांब्या घालू म्हणते. घालू नये. पिवळे होणारे पान कंदात अखेरची भर टाकत असते, म्हणून ते उपटूही नये. आपोआप सुटून येऊ द्यावे. मग कुंडी पाऊस लागणार नाही अशा जागी सरकवावी, किंवा कंद काढून वाऱ्यावर सुकवून टोपलीत कोरड्या वाळूत ठेवावा. मी हळदीचा वाळलेला पाला वापरतो. महिन्यातून एकदा हलकेच दाबून पाहावे. मऊ भाग लागला तर स्वच्छ चाकूने तेवढा काढून जखमेला राख किंवा ट्रायकोडर्मा लावून सुकू द्यावे. कंद हाताळताना हातमोजे घालावेत किंवा हाताला तेल लावावे. या कुलातल्या बहुतेक झाडांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. सुरण, अळू खाजते ते त्यांच्यामुळेच. म्हणून ओळख पटल्याशिवाय आणि जाणत्या हाताने शिजवल्याशिवाय यातले काहीही खाऊ नये.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी दोन वर्षे साधा सुरण वाढवावा. बाजारात सहज मिळतो, चुका पोटात घालतो आणि झोपेचे सगळे नियम शिकवतो.

दोन फुले

2023 साली पाऊस लांबला. मृग कोरडा गेला, मराठवाड्यात पेरण्या खोळंबल्या. आणि त्या कोरड्या मृगात, पाण्याचा थेंब न घातलेल्या कुंडीतून, एका सकाळी जांभळट टोक वर आले. पुरेसा पोसलेला कंद पानाच्या आधी फूल काढतो आणि ते सर्वस्वी साठ्यातल्या अन्नावर काढतो. चार-पाच दिवसांनी दुसऱ्या कुंडीतही टोक दिसले. सुपारीएवढ्या कंदापासून इथपर्यंत यायला सात वर्षे लागली होती.

आता खरा पेच होता. शेवळाची भाजी उमलण्याआधीच्या कळीची होते. म्हणजे ठरवायला दोन-तीन दिवस हातात होते. मी पत्नीला म्हटले, "तुझ्यासाठीच लावलं होतं. तू सांग."

ती कुंडीजवळ बसली. म्हणाली, "अहो, दोन शेवळांची भाजी होते का? चांगली जुडी लागते. अन् काकडं कुठून आणणार इथं?" थोड्या वेळाने म्हणाली, "आई बांधाकडची चार-दोन तशीच सोडायची. काढू द्यायची नाही. राहू द्या. धरू द्या त्यांना."

मग मी फूल उमलताना पाहिले. आपण ज्याला फूल म्हणतो ते अनेक फुलांचे बिऱ्हाड असते. बाहेर एक पात्यासारखे आवरण, आत उभा दांडा. दांड्याच्या तळाशी दाटीने मादी फुले, त्यांच्या वर वांझ फुलांचा पट्टा, मग नर फुले आणि शेंड्याला लांब, मांसल, बिनफुलांचा सोटा. भाजी चिरताना बायका आतला पिवळसर, खरखरीत भाग काढून टाकतात, कारण तो फार खाजतो. पत्नी ते लहानपणापासून करत आली होती. टाकून देतात ती खरी फुले आहेत हे तिला त्या दिवशी कळले आणि तो भाग का टाकायचा हे मला.

उमलल्यावर वास सुटला. शेजारच्या काकूंनी विचारले, "सर, उंदीर मेलाय का कुठे?" हा मेल्याचा वास कुजक्या मांसावर येणाऱ्या किड्यांना बोलावण्यासाठी असतो. या कुलातल्या अनेक वनस्पतींचा सोटा त्या वेळी चक्क तापतो, म्हणजे वास दूरवर पसरतो. फुलाच्या या उष्णतेची नोंद फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी 1778 साली केली होती. ती सुरू कशाने होते याचे उत्तर 1987 साली मिळाले: सॅलिसिलिक आम्ल. ज्या पदार्थापासून आपली ताप उतरवणारी ॲस्पिरिन तयार होते, तोच पदार्थ या फुलांना ताप आणतो.

मादी फुले आधी तयार होतात, नर फुलांचा पराग मागाहून सुटतो. तोवर त्याच दांड्यावरची मादी फुले सहसा मावळलेली असतात. म्हणजे एकट्या फुलाला बी धरणे अवघड. जंगलात आजूबाजूला पुढेमागे फुललेली शेवळे असतात आणि किडे एकाचा पराग दुसऱ्याकडे नेतात. माझ्याकडे किडा मीच होतो. पहिल्या फुलाचा पराग सुटला तेव्हा तो बटर पेपरवर झाडून, घडी घालून, दह्याच्या भांड्याशेजारी फ्रिजमध्ये ठेवला. दुसरे फूल उमलल्याच्या संध्याकाळी, नाकाला पंचा बांधून, आवरणाला एक छोटा काप देऊन, मऊ कुंचल्याने तो पराग मादी फुलांवर फिरवला.

पहिले फूल वाया गेले. दुसऱ्याचा दांडा उभा राहिला, त्यावर दाणे फुगले. नवरात्राच्या सुमारास ते पिकले. गर धुऊन बी लगेच त्याच मिश्रणात पेरले. हे बी कडक वाळवून ठेवायचे नसते. पुढच्या पावसाळ्यात अकरा रोपांनी तोंड वर काढले, प्रत्येकी एक, बोटाएवढे पान. दोन्ही थोरले कंद मात्र त्या वर्षी हातात घेतले तेव्हा हलके लागले. फुलण्याची किंमत त्यांनी मोजली होती. त्यानंतर दोन्ही वर्षे त्यांनी नुसती पाने काढली आहेत.

दुर्मीळ होण्याचा हिशोब

या सात-आठ वर्षांच्या गणितामुळे मला बाजारातल्या जुडीकडे वेगळ्या नजरेने पाहता आले. एक कळी म्हणजे काही वर्षांची साठवण आणि पुढच्या पिढीची सोय. ती खुडली की त्या वर्षीचे बी गेले. कंद मात्र जमिनीत राहतो आणि पुन्हा पान काढतो. डोंगरातल्या बायका कळी खुडतात, कंद उपटत नाहीत. सगळ्या कळ्या खुडल्या नाहीत तर रान टिकते. त्यांचा हा रोजगार आहे आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा त्यांचा हक्क मान्यही केला आहे. काळजी वाटावी ती दुसऱ्या दोन गोष्टींची. एक, उतारच्या उतार खणून सपाट होणे. कंदच गेला की झोपेतून उठणार कोण? दुसरी, आमच्यासारख्या हौशी लोकांची. दुर्मीळ म्हणून विकला जाणारा कंद रोपवाटिकेत बियांपासून वाढवला आहे की कुणाकडून तरी जंगलातून उपटवला आहे, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. राखीव जंगलातून कंद काढणे हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जंगलातून आणलेला मोठा कंद पहिल्या वर्षी साठ्यावर फुलून दाखवतो, हौस भागवतो आणि दुसऱ्या वर्षी चुकीच्या मातीत कुजतो. माझ्या तीन कंदांनी तर तेवढेही केले नाही.

मेव्हण्याच्या आंबराईतला तो उतार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. अर्ध्या भागावर घर वाढवले आहे. उरलेल्या भागात शेवळे आहेत, पण पत्नीच्या लहानपणाइतकी नाहीत. येत्या वैशाखात अकरापैकी पाच कंद, माती झाडून, स्वच्छ धुऊन, तिथे परत न्यायचे ठरले आहे. त्यांच्या पहिल्या फुलापर्यंत मी असेन की नाही, हा हिशोब मी करत नाही. मेव्हण्याच्या सुनेला पत्नीने फोनवर बजावून ठेवले आहे की बांधाकडची चार-दोन सोडायची.

उरलेली सहा रोपे इथेच, कडुनिंबाखाली. हे लिहीत असताना त्यांची पाने पिवळी पडू लागली आहेत. थोरल्या दोघांची तर आडवी झाली. काल पत्नीने सवयीने तांब्या उचलला, कुंड्यांकडे पाहिले आणि ते पाणी तुळशीला घातले. फराळाला येणाऱ्यांनी यंदाही विचारलेच, तर मी सांगणार आहे की झाड वाळलेले नाही, वैशाखात या.